थांबा म्हणायचा सराव

"परत म्हण," ओदिलीबाई म्हणाल्या.

"थांबा... जमत असेल तर," वाल्तेर म्हणाला.

"जमत असेल तर नाही! नुसतं थांबा!"

दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात आठवडाभर हा सराव चालला होता. दोन महिन्यांत दोनदा चुकीचं मशीन बंद झालं होतं आणि दोन्ही वेळा फाटकाबाहेर टँकरमधलं दूध नासलं होतं. तिसऱ्यांदा दूध थांबलं तर विभाग बंद करून काम राजधानी सान होसेमधल्या कंपनीला देऊ, असं मॅनेजर अल्फियोसाहेबांनी चिठ्ठीने कळवलं होतं. असलं काही तोंडावर बोलणं त्यांना जमत नसे. त्या देशात ते कोणालाच जमत नाही.

विभाग सांभाळणाऱ्या बाई मात्र हटणाऱ्या नव्हत्या. एका निवृत्त वैमानिकाचं व्याख्यान ऐकून त्यांनी नियम लिहून काढले होते. "विमानं माणसांच्या चुकांनी पडायची. त्यांनी माणसं नाही बदलली, पद्धत बदलली. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने तेच म्हणत करायचं. कामात यादीबाहेरचा शब्द नाही. आणि चूक दिसली की, समोर कोणी का असेना, मोठ्याने थांबा म्हणायचं. ऐकणाऱ्याने हात जागच्या जागी थांबवायचे." हे कागद त्यांनी इमारतभर लावले, अगदी दूध उतरवण्याच्या पंपापर्यंत.

अडचण वाल्तेरची होती. त्याच्या घरी नाही म्हणायचं काम बायकोचं होतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्याच्याकडे कुत्र्याची तीन पिल्लं आणि ज्ञानकोशाचे दोन संच आले होते.

मंगळवारी सकाळी जुना सर्व्हर काढायचा होता. पाच सर्व्हर ओळीने उभे. दोन नंबरचा जुना, चार नंबरवर दुधाचं सगळं काम चालायचं. पंपावरच्या लोकांनाही कळावं म्हणून बाईंनी स्पीकर चालू ठेवला.

वाल्तेरने यादी वाचली, "दोन नंबरची वायर काढा."

"दोन नंबरची वायर काढते," म्हणत बाई मागच्या बाजूला गेल्या आणि डावीकडून दुसऱ्या वायरीला हात घातला. नंबर फक्त पुढे लिहिलेले होते. मागून डावीकडून दुसरा म्हणजे पुढून चौथा.

वाल्तेरला बाजूने ते दिसलं. "बाई, थोडं गुळाचं पाणी आणू का गरम?"

"यादीबाहेरचा शब्द नाही!"

"तुमच्या आई बऱ्या आहेत ना आता?"

"वाल्तेर! नियम!" बाईंनी वायर घट्ट धरली.

वाल्तेरने डोळे मिटले. "थांबाऽऽऽ!"

बाई थांबल्या. पुढे येऊन वाकल्या, नंबर पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "शाबास रे. वाचवलंस."

दोघं पाणी पीत बसले. वीस मिनिटांनी दार उघडून अल्फियोसाहेब आत आले. चेहरा लाल.

"ओदिलीबाई, बाहेर अकरा टँकर उभे आहेत. पंपावरची माणसं हात जागच्या जागी थांबवून उभी आहेत. म्हणतात, स्पीकरवर थांबा आलं."

"मग सुरू का नाही केलं?"

"सुरू करायचा नियम तुमच्या कागदात नाही म्हणतात."

बाईंनी स्पीकरवर "चालू करा" म्हटलं. पंप घरघरला. साहेब तसेच उभे.

"हे तिसऱ्यांदा, बाई. आता विभागाचं म्हणजे... बघू या... तुम्हीच विचार करा..."

बाई उठल्या. "साहेब, इथे यादीप्रमाणे बोलतात. मी वाचते, तुम्ही परत म्हणा. दूध नासलं नाही."

"दूध... नासलं नाही."

"मशीन बंद पडलं नाही."

"पडलं नाही, पण—"

"यादीबाहेरचा शब्द नाही. विभाग इथेच राहील."

साहेबांनी वाल्तेरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली. "विभाग... इथेच राहील," ते म्हणाले आणि दोघांना नमस्कार करून निघून गेले.

वाल्तेर दाराकडे बघत राहिला. "बाई, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं हो."

"मग त्यांनी थांबा म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या आणि पुढून मोजत दोन नंबरच्या सर्व्हरकडे गेल्या.