धबिया बसली की टाकी रुसते

मुसल्लम बिन हमदची गाठ म्हणजे गाठ! त्याने एकदा उंट पिकअपच्या हौद्यात बसवून दोर आवळला, की मग खड्डा येवो, वादळ येवो, उंट तसूभर हलायचा नाही. असं सगळं वाळवंट म्हणायचं. म्हणजे मुसल्लम म्हणायचा आणि वाळवंट ऐकून घ्यायचं.

"ही गाठ आमच्या आजोबांची," तो सांगायचा. "जगात फक्त चौघांना येते. त्यातले तिघं वारले."

"मग चौथ्याने आता पट्टे वापरावेत," खल्फान म्हणाला. खल्फान म्हणजे मुसल्लमचा मेहुणा, शिवाय चुलतभाऊही. दोन्ही नात्यांनी टोमणे मारायचा हक्क त्याला होता आणि तो एकही वाया घालवत नसे. त्याच्याकडे हुकांचे, कर्रकर्र आवळायचे नवेकोरे पट्टे होते.

"पट्टे सामानाला बांधतात. धबिया सामान नाही."

हे मात्र खरं होतं. तीन वर्षांपूर्वी धबियाची आई मेली, तेव्हा या पिल्लाला धड उभंही राहता येत नव्हतं. मुसल्लमच्या बायकोने, झुवैनाने, तिला बाटलीने दूध पाजलं, मधात कालवलेले खजूर चाटवले, थंडीत आपली शाल पांघरली. 'माझे एवढे लाड कधी झाले नाहीत,' अशी मुलाची, सैफची, तक्रार होती आणि ती रास्त होती. आता धबिया वाऱ्याशी पैज लावत होती. उद्या सकाळी तिची पहिली शर्यत. कागदावर मालकीण म्हणून झुवैनाचं नाव. शर्यतीत जो उंट पुढे असेल, त्याचं आणि त्याच्या मालकाचं नाव मैदानावर लाउडस्पीकरवरून पुकारतात. झुवैनाला ते एकदा ऐकायचं होतं. सगळ्यांदेखत, मोठ्याने. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. पण महिनाभर भांडी घासताना ती हळूच "धबिया! मालकीण झुवैना बिन्त राशिद!" असं पुटपुटायची, ते मुसल्लमच्या कानावर आलं होतं.

अट एकच होती. आज दुपारची बांग व्हायच्या आत उंट मैदानावर हजर पाहिजे. बांगेनंतर आलेल्याने तसंच मागं फिरायचं. मोसमातली ही शेवटची शर्यत, आणि पुढच्या वर्षी धबिया वयाने वरच्या गटात जाणार. तिथं सगळी हाडापेराने थोराड जनावरं.

"टाकी कालच भरून ठेवा म्हटलं होतं," गाडीत बसताना झुवैना म्हणाली.

"वाटेत पंप आहे, उम्म सैफ. दोन मिनिटांचं काम!" मुसल्लम म्हणाला. बायकोला तो 'सैफची आई' अशीच हाक मारायचा.

पंपावर पोचले तेव्हा सात वाजले होते आणि काटा लाल रेघेवर टेकला होता. मैदान एकशे वीस किलोमीटर लांब. मागं उंट म्हणजे गाडी सांभाळून हाकायची, दोन तास तरी धरायचे. मुसल्लमने मनात हिशोब केला आणि आरामात काच खाली केली.

पंपावर शिहाब होता. मूळचा केरळचा, पण बारा वर्षांत अर्धा अरब झालेला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला 'अरबाब', म्हणजे मालक, म्हणणारा. त्याने झाकण उघडलं, नळी घातली, खटका दाबला.

टक्!

पंप बंद. आकडा बघितला तर जेमतेम पेलाभर पेट्रोल गेलेलं. पुन्हा दाबला. टक्! नळी अर्धी बाहेर काढली. टक्! उलटी धरली. टक्, आणि वर शिहाबच्या बुटावर पेट्रोलची गुळणी!

"अरबाब, टाकी भरलेली आहे."

"काटा बघ! टाकी रिकामी आहे!"

"मग काटा बिघडलाय."

"तुझा पंप बिघडलाय!"

दुसऱ्या पंपावर गाडी लावली. टक्! तिसऱ्यावर लावली. टक्! टाकी म्हणजे रुसलेल्या जावयासारखी. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायची. मागं रांग लागली. पाण्याचा एक टँकर, त्यामागं दोन उंटवाल्या पिकअप, त्यामागं शाळेची बस.

टँकरवाले मतरकाका तावातावाने उतरले. डोळे लाल, काठी उगारलेली. आता काका शिव्या घालणार, म्हणून शिहाब पंपामागं सरकला. पण आधी सलाम तर करायला हवा! काकांनी सलाम केला. मुसल्लमने केला. तब्येत विचारली. मुलं विचारली. पाऊस पडला का, चारा कसा आहे, सूर गावातल्या आत्याचं गुडघ्याचं कसं काय, सगळं रीतसर विचारून झालं. मग "काय खबर?" आणि "खबर काही नाही, सगळं खैर." मग काकांनी थर्मास काढला, तीन तीन कप कहवा झाला, खजूर झाले. एवढं होईपर्यंत पावणेआठ वाजले आणि आपण भांडायला उतरलो होतो, हे काका साफ विसरले.

"अडचण काय आहे?" त्यांनी मायेने विचारलं.

अडचण कळल्यावर रांगेतले सगळेच उतरले. एरवी शहाणे उंटावर असतात. इथं ते उंटिणीभोवती गोळा झाले. एक म्हणाला, झाकण खराब. दुसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये हवा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, गाडी जरा हलवा, पोटातला वायू निघेल. तिघांनी मिळून गाडी हलवली. धबियाने वरून तिघांकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला.

"नजर लागलीय," झुवैना म्हणाली. "काल माझ्या भावाने गाडी बघून 'वा!' म्हटलं आणि पुढे 'माशाल्ला' म्हणाला नाही."

"खल्फान मुद्दामच म्हणाला नसणार!" मुसल्लमला हे एकदम पटलं.

झुवैनाने पिशवीतून मातीची धूपदाणी काढली. निखारा ठेवला. त्यावर ऊद ठेवायला डबी उघडली, तोच शिहाब असा ओरडला की बसमधली मुलं खाली वाकून बसली.

"उम्मी! नको! हा पेट्रोल पंप आहे! नजरेसकट आपण सगळेच जाऊ!"

धूपदाणी टँकरमधल्या पाण्याने विझवली. साडेआठ झाले.

पंपाच्या पाठीमागं गुलजरीन पठाणाचं गॅरेज होतं. गुलजरीनची मिशी पाऊण वीत आणि बोलणं त्याहून आखूड.

"आधी उंट उतरवा," तो म्हणाला. "उंट वर असताना मी खाली झोपणार नाही. मला मुलंबाळं आहेत."

मुसल्लमने आजोबांची गाठ सोडली. सोडायला पंधरा मिनिटं लागली, कारण गाठ सोडायची युक्ती वारलेल्या तिघांपैकी एकाकडे होती. झुवैनाने खजूर दाखवून धबियाला मातीच्या उतारावरून खाली आणलं. गुलजरीन गाडीखाली शिरला. नळीत फुंकून पाहिलं, हवा मारली, पाइप ठोकला. बाहेर येऊन बाटलीभर पेट्रोल टाकीत ओतलं. गटागटा आत गेलं!

"काही बिघाड नाही," गुलजरीन म्हणाला.

"पण पंपावर तर..."

"पंप बिघडलाय."

"मी सांगितलं नव्हतं का!" मुसल्लमची छाती फुगली. धबियाला खजूर देऊन वर चढवलं, "इख्! इख्!" करून बसवलं, दोर पुन्हा आवळले. या वेळी जरा जास्तच. पुन्हा पंप.

टक्!

शिहाबने नळी खाली ठेवली आणि आकाशाकडे पाहिलं. झुवैनाने घड्याळाकडे पाहिलं. बांग बारा वाजून पाच मिनिटांनी. आता नऊ वाजून दहा. मग तिने पिशवीतले उरलेले खजूर मोजले.

पुन्हा गॅरेज. पुन्हा गाठ सोडा, खजूर दाखवा, उंट उतरवा. पुन्हा बाटली. गटागटा!

"हे बघा," गुलजरीन बोटांवर मोजत म्हणाला, "उंटीण खाली असली की गाडी पिते. उंटीण वर गेली की गाडी पीत नाही."

"म्हणजे नजर धबियाची?" मतरकाकांनी विचारलं. रांग मोकळी झाली होती, तरी काका गेले नव्हते. अशी सकाळ रोज मिळत नाही.

"जनावर वर चढवा," गुलजरीन म्हणाला. "मी खाली जातो." मग थोडं थांबून, "माझ्या बायकोचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे."

तिसऱ्यांदा खजूर, तिसऱ्यांदा इख् इख्, तिसऱ्यांदा दोर. झुवैनाने धबियाची मान कवेत धरली. गुलजरीन कलमा पुटपुटत गाडीखाली सरकला. नेमकं त्याच वेळी पाठीमागून हॉर्न वाजला. खल्फान! शर्यत बघायला सावकाश निघालेला, अंगावर कडक इस्त्रीची पायघोळ दिशदाशा, डोळ्यांवर काळा चष्मा.

"अरे, तू अजून इथंच? दोन मिनिटांचं काम होतं ना?"

मुसल्लमने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. "अरबाब! हा दोर कोणी बांधला?"

"मी बांधला! गाठ आहे ती आमच्या..."

"टाकीत पेट्रोल शिरतं तेव्हा आतली हवा बाहेर यायला एक बारीक रबरी नळी असते. हवेला वाट नाही मिळाली तर पेट्रोल आत जाईल कुठं? तुझा दोर त्या नळीवरून गेलाय. उंटीण बसली की दोर ताणतो आणि नळीचा गळा आवळतो. तू गाडीला फाशी दिलीयस, अरबाब!"

एरवी मुसल्लम दोराची टोकं हौद्याच्या कड्यांना बांधायचा. आज धबियाची पहिली शर्यत, म्हणून खास तिच्यासाठी त्याने ती खालून, चेसिसला वेढा देऊन आणली होती. प्रेमापोटी! पण हे आता सांगून कोण ऐकणार? खल्फानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो हसला नाही. त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

"सोडतो," मुसल्लम गाठीला भिडला. गाठ सुटेना. तिसऱ्या वेळी त्याने ती अशी काही आवळली होती, की चौथ्या माणसालाही आता ती येत नव्हती. नऊ बावन्न. नऊ चोपन्न. नखं तुटली.

झुवैनाने धबियाची मान हळूच सोडली. गुलजरीनच्या फळीवरची सुरी उचलली. नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्याच्या पायातला काटा काढताना पाहावं, तसं.

"आजोबांना माझा सलाम सांगा," ती म्हणाली आणि दोर कापला.

खल्फानने आपले पट्टे काढून दिले. एकसुद्धा टोमणा मारला नाही. उलट आवळायला हात लावला. मुसल्लमला वाटलं, मेहुण्याला आपण आजवर ओळखलंच नाही. पंपावर शिहाबने नळी लावली, डोळे मिटले, खटका दाबला. पेट्रोल असं धो धो गेलं, की मतरकाकांनी टाळ्या वाजवल्या. टाकी काठोकाठ!

मैदानाच्या फाटकावर पोचले तेव्हा बांग देणारा मुअज्जिन घसा खाकरत होता. पण पोचले!

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत सुटली. रिवाजाप्रमाणे धावपट्टीच्या कडेने मालकांच्या गाड्या धावत होत्या. मुसल्लम पिकअप हाकत होता आणि धबियाच्या पाठीवर बसवलेल्या, चाबूक हलवणाऱ्या यंत्र-स्वाराचं बटण झुवैनाच्या हातात होतं. तिला ते दाबावंच लागलं नाही. धबिया सुटली ती सुटलीच! दहावी, सहावी, तिसरी आणि मग पहिली!

"पुढे आहे धबिया!" लाउडस्पीकर कडाडला. "मालकीण झुवैना बिन्त राशिद!"

झुवैनाने ओढणीने तोंड झाकलं. मुसल्लमचेही डोळे भरून आले. धबिया आपल्या जोडीने धावते आहे, हे नीट पाहता यावं म्हणून त्याने गाडी कठड्याच्या अगदी जवळ घेतली.

उंट काही विसरत नाही. धबियाने पळता पळता शेजारची पिकअप ओळखली. कालच्या सकाळभरात तिने एवढंच शिकून घेतलं होतं: या गाडीजवळ जायचं, खाली बसायचं, की खजूर मिळतो. तीनदा मिळाला होता. ती वळली, कठड्यापाशी आली आणि व्यवस्थित चारी पाय दुमडून बसली. बाकीच्या एकवीस उंटिणी धुरळा उडवत शेजारून निघून गेल्या.

"धबिया बसली आहे!" लाउडस्पीकरला काही सुचेना. "मालकीण झुवैना बिन्त राशिद! धबिया अजून बसलेलीच आहे! मालकीण झुवैना बिन्त राशिद यांनी कृपया आपल्या उंटिणीला उठवावं! पांढऱ्या पिकअपच्या चालकाने गाडी हलवावी!"

चालकाने गाडी हलवली. धबिया उठून गाडीमागं आली आणि पुन्हा बसली. पुन्हा पुकारा सुरू!

संध्याकाळी परतीची वाट धरली. मागं धबिया पट्ट्यांमध्ये निवांत. काटा अजून निम्म्याच्या वर. शेवटी मुसल्लमने खाकरून सुरुवात केली.

"उम्म सैफ, माझं चुकलं. गाडी एवढ्या जवळ घ्यायला नको होती."

"जी जिंकली, तिच्या मालकाचं नाव दोनदा आलं," झुवैना समोर पाहत म्हणाली. "माझं सात वेळा. मी मोजलं." आणि ती हसली. इतकी हसली की तिला ओढणीने डोळे पुसावे लागले.

"माझंही आलं की एकदा," मुसल्लम म्हणाला.

"तुमचं? कधी?"

"पांढऱ्या पिकअपचा चालक."