अमेरिकेच्या सिनेटमध्ये सदानंदचा पाय

सदानंद केळुसकरने अमेरिकेतल्या सिनेटरच्या ऑफिसात पहिला फोन लावला तो बहारीनमधल्या माहूजच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसून, पायांत कारखान्याचे सेफ्टी बूट तसेच असताना. तिकडे सकाळचे नऊ वाजले की इकडे संध्याकाळचे सहा. अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातून मेंटेनन्स सुपरवायझर सदानंद घरी पोचायचा तो नेमका तेव्हाच.

"अहो, बूट तरी काढा," हेमा म्हणाली.

"ऑफिस आत्ता उघडलंय. नंतर लाइन लागत नाही."

मुलगी दीप्ती तिकडे आतड्याच्या दुखण्याने तीन वर्षं बेजार होती. दर आठ आठवड्यांनी शिरेतून औषध घेतलं तर ती चार घास जेवायची, नाहीतर रक्त पडायचं. जावई गौरवची नोकरी गेल्यापासून त्यांचा विमा सरकारी अनुदानावर चालला होता आणि ते अनुदान वर्षअखेर संपणार होतं. ते चालू ठेवायचं विधेयक सिनेटमध्ये यायचं होतं आणि दीप्तीच्या राज्याचे सिनेटर अजून कुंपणावर बसले होते. दीप्ती स्वतः फोन करायला तयार नव्हती. "बाबा, आम्ही ग्रीन कार्डवाले. उगाच कशाला नजरेत यायचं?" मग बापानेच बहारीनहून सूत्रं हातात घेतली. इंटरनेटवरून लावलेल्या फोनचा नंबर तिकडे अमेरिकेचाच दिसायचा, आणि लेकीच्या पत्त्याचा झिप कोड त्याला पाठ होता.

फोन उचलणारी मुलगी रोज झिप कोड लिहून घ्यायची, थँक्यू म्हणायची आणि ठेवून द्यायची. चौथ्या दिवशी मात्र तिने आवाज खाली आणला.

"अंकल, आप देसी हैं?"

तिचं नाव लाईबा. आईवडील लाहोरचे, ती अमेरिकेतच जन्मलेली. सदानंदला परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"अंकल, सिर्फ कॉल करोगे तो शीट में एक लकीर बढ़ेगी," ती म्हणाली. "स्टोरी दोगे तो बॉस तक जाएगी."

सदानंदने स्टोरी दिली. लेकीचं दुखणं, औषध, अनुदान, सगळं खरं खरं. साहेबांच्या जिभेला सोपं जावं म्हणून लाईबाने त्याचं नाव 'सॅडी' असं लिहून घेतलं. आपण बहारीनमध्ये राहतो, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी लाईबा आनंदाने ओरडलीच. स्टोरी साहेबांना आवडली होती. गुरुवारी ऑफिसची माणसं कॅमेरा घेऊन अंकलच्या घरी येणार होती.

"घर पे?" सदानंद ताडकन उठून उभा राहिला. "कल बताता हूँ."

सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याने शेजारी बसणाऱ्या राजनला सगळं सांगितलं. त्रिशूरचा राजन वीस वर्षं त्याच्याच खात्यात होता आणि रजा मिळवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"टाँग टूटी बोलो, सदानंदभाई. टाँग टूटी तो खलास. कोई सवाल नहीं पूछता."

पण लाईबाने सवाल विचारले. पाय मोडला म्हणताच तिचा जीव कळवळला. मग तर घरी यायलाच हवं, फुलं घेऊन! घर टाळायला सदानंदने स्वतःला हॉस्पिटलात भरती केलं. कोणतं हॉस्पिटल? "वो बड़ावाला." तिथे नीट बघतायत ना? नाही म्हणावं तर ही पोरगी हॉस्पिटलात चौकशी लावायची. सदानंद घाईघाईने म्हणाला, "फर्स्ट क्लास! उसी दिन ऑपरेशन हो गया."

"और इन्शुरन्स?"

"किसी ने पूछा भी नहीं. नो प्रॉब्लेम, बेटा, बिलकुल नो प्रॉब्लेम."

हेमा ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता थांबली. "अहो, तुम्ही लेकीसाठी भांडताय की हॉस्पिटलची जाहिरात करताय?"

मतदानाच्या दिवशी दोघं लॅपटॉपपुढे बसली. सिनेटर उठले, चष्मा लावला आणि दीप्तीच्या गावाचं नाव घेऊन म्हणाले की, तिथल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांची, मिस्टर सॅडींची, गोष्ट सांगतो.

"आपलीच!" सदानंदने हेमाचा दंड धरला.

"मिस्टर सॅडींचा पाय मोडला," सिनेटर सांगत होते. "त्याच दिवशी ऑपरेशन झालं. विम्याचं कोणी विचारलंसुद्धा नाही. ते स्वतः माझ्या ऑफिसला म्हणाले, फर्स्ट क्लास, नो प्रॉब्लेम. मग मला सांगा, बिघडलंय काय, जे दुरुस्त करायला आपण निघालोय?"

लेकीच्या आतड्याबद्दल चकार शब्द नाही. सिनेटरने विरोधात मत दिलं आणि विधेयक पडलं. मतं बरीच कमी पडली होती. सदानंदचा सिनेटर वळला असता तरी ते तरलं नसतं. हेमाने त्याला हे तीनदा सांगितलं. तो तिन्ही वेळा "हं" म्हणाला.

तासाभराने दीप्तीचा फोन आला. आवाज तापलेला.

"बाबा, ऐकलंत ते भाषण? आमच्याच गावचा कोण हा सॅडी! मला भेटला ना, तर त्याचा दुसरा पाय मी मोडीन!"

सदानंदने हेमाकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं. तरी तो बोललाच.

"दीप्ती, तो मी."

पलीकडून घाबरा आवाज आला. "बाबा, तुमचा पाय मोडलाय?"

"नाही गं. दोन्ही धड आहेत."

दीप्ती हसायला लागली. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसली. एवढं हसणं सदानंदने तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. तोही हसला. जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की पलीकडे आता हसू नाहीये. हेमाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. बराच वेळ तिचं नुसतं "हो गं, हो गं" ऐकू येत होतं.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"गौरवने गोदामात नोकरी धरलीय. सोमवारपासून. पेट्या उचलायच्या. तिथे विमा मिळतो म्हणे."

"मग झालं तर!" सदानंद सावरून बसला.

"नव्वद दिवसांनी मिळतो."

सदानंदने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. सोमवारपासून नव्वद दिवस. जुना विमा वर्षअखेरपर्यंतच. औषध दर आठ आठवड्यांनी. मागचं कधी झालं होतं?

"मोजू नका," हेमा म्हणाली. "मी मोजलंय."