आतड्याच्या तारांचं सोवळं

रविवारी दुपारी तीन वाजता, पडदा वर जायला दोन तास उरले असताना, बाल्डुइनने शेवटची तार गिळली आणि समाधानाने मिशा चाटल्या.

बाल्डुइन हा आखूड पायांचा आणि लांबलचक अंगाचा डॅशहुंड कुत्रा. मालकीण फ्राउ फॉन ट्रेबनित्स. लिंडेनरोडाच्या राजवाड्यातलं छोटं नाट्यगृह ज्या ट्रस्टकडे होतं, त्याच्या त्या अध्यक्षीणबाई, त्यामुळे कुत्रं घरी ठेवून या, असं त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. आणि तार म्हणजे व्हायोलिनची, मेंढीच्या आतड्यापासून वळलेली. एक नव्हे, सुट्या तारांचं अख्खं पुडकं त्याने कपडे बदलायच्या खोलीत निवांत बसून संपवलं होतं.

दोष द्यायचाच तर तो डॉक्टर हाझेनकांपांना द्यावा लागेल. लॅटिनचे निवृत्त शिक्षक, वय वर्षं एकाहत्तर. अकरा वर्षांपूर्वी राजवाड्याच्या दप्तरखान्यात त्यांना एर्डमान शिमेलबुश नावाच्या दरबारी संगीतकाराचा ऑपेरा सापडला होता, ‘बर्टाल्डाची निष्ठा’. १७४३ साली राजेसाहेबांच्या वाढदिवसाला त्याचा एकमेव प्रयोग झाला. राजेसाहेब दुसऱ्या अंकात झोपी गेले, आणि शिमेलबुशची बदली तबेल्यात, कर्णेवाल्यांवर मुकादम म्हणून झाली. त्यानंतर ते संगीत कोणीही ऐकलं नाही. हाझेनकांपांनी उंदरांनी कुरतडलेल्या पानांवरून स्वर न स्वर उतरवून काढला, आणि प्रयोग करायचा तर त्या काळच्याच वाद्यांवर, असा पण केला.

त्यांचं सोवळं भलतंच कडक. नायलॉनची तार लावून आलेल्या एका व्हायोलिनवाल्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. “नायलॉनची जागा दात घासायच्या ब्रशात,” असं ते त्याला म्हणाले होते. तारा करणाऱ्या कारागिरानेही सांगून पाहिलं, “डॉक्टर, थोडं वार्निश लावून देतो. तारा टिकतील, आणि मेंढीचा वासही येणार नाही.” पण शिमेलबुशच्या तारांना वार्निश नव्हतं, म्हणून यांच्या तारांनाही नको. सबब तारा मेंढीचा घमघमाट घेऊनच आल्या, आणि बाल्डुइनला तो दोन खोल्यांपलीकडून लागला.

तरी पुडकं गेलं तर गेलं, वाद्यांवर चढवलेल्या तारा होत्या ना? त्याही नव्हत्या. नाट्यगृहाच्या दमट हवेत सूर लावता लावता सहापैकी चार व्हायोलिनांच्या वरच्या तारा एकामागून एक पटापट तुटल्या. तिसऱ्या अंकात बर्टाल्डाचं मोठं गाणं सगळं त्याच तारेवर.

“पशुवैद्याला बोलवा,” हाझेनकांप शांतपणे म्हणाले.

“काही गरज नाही हो, डॉक्टर,” फ्राउ फॉन ट्रेबनित्स विरघळून म्हणाल्या. “मेंढीच आहे ती. पचेल त्याला.”

“पचेल याचीच भीती आहे, बाईसाहेब. तारा परत मिळतील का, ते मला विचारायचंय.”

“मिळतील की,” हाझेनकांपांची बायको गेर्लिंडे आपला व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जाड्या आवाजाचा थोरला भाऊ, पुसत म्हणाली. “उद्या सकाळी. पण त्या चढवायला कोणाला सांगणार आहेस, ते आत्ताच सांगून ठेव.”

कारागिराला फोन केला, तर यंत्रातून त्याचाच आवाज आला की रविवारी तो विश्रांती घेतो. दुकानं बंद. रविवारी लिंडेनरोडात पावसुद्धा अकराच्या आत आणावा लागतो, तिथे मेंढीचं आतडं कोण विकणार? हाझेनकांप पेटीसारख्या हार्पसिकॉर्डपाशी जाऊन बसले. सोमवारपासून नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. कागदावर सहा वर्षं, म्हणजे धरून चाला दहा. एकाहत्तरात दहा मिळवायला काही गणिताचा मास्तर लागत नाही. शिवाय लाइपत्सिशहून समीक्षक डॉ. केटेलहाक येणार होते. त्यांनी बरं लिहिलं, तर दुसऱ्या गावात कोणी प्रयोग लावील. नाहीतर शिमेलबुश पुन्हा तबेल्यात.

तेवढ्यात उवं प्लोट्स्कं खाकरला. ऑर्केस्ट्रातला हा दुसरा कर्णेवाला. एरवी बाजारपेठेत त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान.

“डॉक्टर, एक सुचवू का? रागावू नका. माझ्याकडे बॅडमिंटनच्या रॅकेटची तार आहे. जाडी अगदी हवी तेवढी.”

“कशाची असते ती?”

उवंने बुटांकडे पाहिलं. “नायलॉनची.”

हाझेनकांपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“रविवारी मला ती विकता येत नाही हां,” उवंने घाईने सांगितलं. “कायदा आहे. पण उसनी देता येते.”

“त्यापेक्षा प्रयोग रद्द करीन.”

गेर्लिंडे शेजारी येऊन बसली. “फोल्कमार, तो बिचारा पावणेतीनशे वर्षं थांबलाय. त्याला आतड्याची पडलीय का? त्याला एवढंच हवंय की कोणीतरी शेवटपर्यंत जागं राहून ऐकावं.”

“आणि मी गेल्यावर हे कोणी वाजवणार नाही गं,” हाझेनकांप म्हणाले. अकरा वर्षांत हे ते प्रथमच बोलले होते.

“म्हणूनच सांगतेय. उवं, जा. तार घेऊन ये.”

तार आली, ती पांढरीशुभ्र. बर्फावर पडली असती तर सापडली नसती. गेर्लिंडेने पहारेकऱ्याच्या किटलीत काळाकुट्ट चहा उकळला आणि तारेचं वेटोळं त्यात बुडवून ठेवलं. अर्ध्या तासाने तारेला झकास जुनाट रंग चढला. परीक्षा म्हणून तिने एक टोक बाल्डुइनच्या नाकाशी धरलं. त्याने एकदा हुंगलं आणि अपमान झाल्यासारखी मान फिरवली.

“एवढा जाणकार प्रेक्षकांत नसला म्हणजे मिळवली,” गेर्लिंडे म्हणाली.

पाच वाजता पडदा वर गेला. दुसऱ्या अंकात उपनगराध्यक्ष झोपी गेले, म्हणजे दरबारी परंपराही पाळली गेली. बाकी सगळे जागे होते. तिसऱ्या अंकात बर्टाल्डाने ते मोठं गाणं सुरू केलं, चारही चहाळलेल्या तारा तिच्याबरोबर वर वर चढत गेल्या, आणि एकही तुटली नाही. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्या हाझेनकांपांना समोरच्या पट्ट्या दिसेनात. डोळे भरून आले होते. नायलॉनवर आपण रडतोय याची त्यांना लाज वाटली, पण रडणं काही थांबलं नाही.

मंगळवारी न्याहारीला वर्तमानपत्र आलं. गेर्लिंडेने मोठ्याने वाचलं.

“‘शिमेलबुशचा पुनर्जन्म झाला आहे. व्हायोलिनांतून जो ऊबदार, जिवंत नाद आला, तो केवळ खऱ्या मेंढीच्या आतड्यातूनच येऊ शकतो. नायलॉनला तो साता जन्मांत जमणार नाही.’”

हाझेनकांपांनी उकडलेल्या अंड्यावरचा चमचा खाली ठेवला.

“पुढे ऐक. ‘मात्र व्हायोलांचा आवाज कोरडा आणि निर्जीव होता. तिथे कोणीतरी गुपचूप कृत्रिम तारा लावल्याचा दाट संशय येतो. एवढ्या निष्ठावान प्रयोगात ही लबाडी खटकते.’”

“व्हायोला,” हाझेनकांप पुटपुटले. “व्हायोलाच्या तर सगळ्या खऱ्या होत्या.”

“माझ्याच होत्या,” गेर्लिंडे म्हणाली. “निर्जीव म्हणे.”

दहा वाजता हालं गावच्या संगीत महोत्सवाचा फोन आला. पुढच्या जूनमध्ये तीन प्रयोग हवेत. अट एकच, व्हायोलिनांना त्याच तारा. हाझेनकांपांनी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि उवंला आणखी दोन रिळं बाजूला ठेवायला सांगितलं. मग ते टेबलाशी बसून वर्तमानपत्राला खुलासा लिहू लागले.

“काय लिहितोयस?”

“व्हायोलाच्या तारा अस्सल होत्या म्हणून. सत्य आहे ते.”

“लिही ना. आणि व्हायोलिनच्या?”

हाझेनकांपांनी पेनाचं टोपण लावलं. पण मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच. केटेलहाक चाळीस वर्षांचा मुरलेला माणूस, त्याचा कान इतका चुकेल? कारागिरानेच व्हायोलाच्या तारांत फसवलं नसेल कशावरून? त्यांनी गेर्लिंडेचा व्हायोला कानाशी धरून छेडला. पुन्हा छेडला. आयुष्यभर ज्या कानांच्या जोरावर लोकांना उंबऱ्यावरून परत पाठवलं, ते कान काही केल्या सांगेनात.

शेवटी त्यांनी फोन उचलला.

“बाईसाहेब, मी हाझेनकांप. आज चार वाजता कॉफीला याल का? आलुबुखाराचा केक आहे.” त्यांनी व्हायोलाकडे नजर टाकली. “आणि बाल्डुइनला घेऊन या. नाही, नाही, राग कसला. त्याचं मत हवंय.”

चार वाजता बाल्डुइन आला. हाझेनकांपांनी व्हायोलाची एक तार काढून त्याच्यापुढे धरली. त्याने हुंगली, शेपटी हलवली, आणि कोणी काही म्हणायच्या आत गिळून टाकली.

“अस्सल आहे,” हाझेनकांप म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकून केक कापायला घेतला.