दुसरा गिअर पडेना

सोमवारी बायकोचा नव्या नोकरीतला पहिला दिवस. "मी सोडतो ना तुला, ऐटीत!" असं आमच्या कारकूनसाहेबांनी छाती फुगवून सांगून टाकलं आणि ऐटीत काही कमी पडू नये म्हणून शनिवारी खास गाडीवर घालायला जाड तळव्याचे बूट आणले. (एकेक बूट उचलायलाच आधी हिंमत गोळा करावी लागे.)

रविवारी सकाळी बूट चढवून साहेब मोटारसायकलवर फेरी मारायला निघाले. पहिला गिअर खटकन पडला. दुसरा काही केल्या पडेना. इंजिन बोंबलत होतं आणि शेजारचे आजोबा काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेले.

"मेकॅनिकला दाखवा," बायको म्हणाली.

"मेकॅनिक कशाला? मी आहे की!"

मग क्लचची केबल आवळून झाली, ढिली करून झाली. ऑइल बदललं, त्यातलं निम्मं फरशीवर. गंमत म्हणजे गाडी स्टँडवर लावून, उकिडवं बसून हाताने गिअर टाकले की सगळे बिनबोभाट पडत. बूट चढवून रस्त्यावर गेले की पुन्हा पहिलाच. संध्याकाळी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, सापडलं! रिकामी असली की गाडी ठीक असते. वजन आलं की गिअर अडकतो."

"कुणाचं वजन?" बायकोने शांतपणे विचारलं.

साहेबांनी जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी गाडी कोपऱ्यापर्यंत रांगत गेली. पहिल्याच दिवशी उशीर होणार म्हणून बायको रडकुंडीला आली. मग तिने पदर खोचला.

"उतरा. मागे बसा, आपलं वजन घेऊन."

माहेरी वडिलांची मोटारसायकल तिनेच पळवलेली. पहिला, दुसरा, तिसरा! सिग्नलला तिने आधी आपल्या चपलेकडे पाहिलं, मग मागच्या बुटाकडे.

"अहो, पहिला गिअर वरून दाबला की पडतो, पण पुढचे वर उचलायला पाय लिव्हरखाली जावा लागतो. हे धूड तिथे शिरतं तरी का?"

साहेबांनी ते धूड हळूच मागे ओढलं.

ती वेळेवर पोचली, आनंदात आत गेली. साहेब बूट हँडलला लटकावून मोज्यांवर परतले.

संध्याकाळी मात्र ते साध्या चपला घालून ऐटीत तिला आणायला गेले. फाटकाशी ती नव्या मैत्रिणींबरोबर उभी होती.

"हेच का ते?" एकीने विचारलं.

साहेबांनी हसून मान वर केली. विचारणारी त्यांच्या पायांकडे बघत होती.