वैजयंतीला बघायला आलेली सायकल

साताऱ्यात शर्यतीची सायकल कुणी निवडत नाही. सायकलच माणूस बघायला येते. बरोबर चाकांच्या दोन जोड्या असतात, एक सरावाची, एक शर्यतीची, आणि त्यांनाही माणूस पसंत पडावं लागतं.

वैजयंती शिंगटेला बघायला ती गुरुवारी आली. तांबडी, अंगानं सडपातळ. मध्यस्थ म्हणून दुकानदार बाबर होते. सरावाची चाकं सतरंजीवर टेकली, शर्यतीच्या चाकांनी सोफा घेतला. पोहे एकट्या बाबरांनी खाल्ले.

वैजयंती ट्रॅकसूट घालून, मान खाली घालून बसली होती. रविवारी यवतेश्वर घाटाची शर्यत होती. आधीच्या दोन सायकली नकार देऊन गेल्या होत्या. हीही गेली, तर यंदा शर्यत नाहीच.

"वय?" शर्यतीच्या चाकांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"स्वभाव?"

"चढावर जरा चिडते."

"चिडते कसली!" तिचा नवरा दिगंबर मध्येच म्हणाला. "अख्खा घाट एका दमात चढते. पाय म्हणून टेकत नाही."

अशा कार्यक्रमात घरचं माणूस वाढवून बोलतंच, आणि पाहुणे त्यातलं निम्मं सोडून देतात. पण शर्यतीची चाकं पडली कार्बनची, नव्या वळणाची. "मग आत्ताच बघू," असं म्हणून ती सायकलीला जाऊन बसलीसुद्धा.

वैजयंती सायकलवर निघाली. मागून स्कूटरवर दिगंबर, त्याच्यामागे बाबर, आणि बाबरांच्या मांडीवर सरावाची चाकं. तिसऱ्या वळणावर वैजयंतीनं पाय टेकला.

"झालं?" शर्यतीच्या चाकांनी विचारलं.

"झालं."

"तुमचे मिस्टर तर म्हणाले..."

"ते स्कूटरवरनं चढतात हो. मला इथवरच येतं. मागच्या महिन्यात खालच्या वळणापर्यंतच येत होतं."

"बरं. कळवतो," शर्यतीची चाकं म्हणाली.

कळवतो म्हणजे काय, हे साऱ्या साताऱ्याला ठाऊक आहे. ती चाकं सायकलीतून निघाली आणि उतारावरनं परस्पर घरी गेली.

"आमची ना नाही," सरावाची चाकं बाबरांच्या मांडीवरून म्हणाली. "रोज थोडं थोडं चढणारं माणूस टिकतं."

आता सगळे सायकलीकडे बघायला लागले.

"मलाही पसंत आहे," ती म्हणाली. "फक्त हँडल एवढं आवळून धरत नका जाऊ. दुखतं."

बाबरांनी तिथंच कठड्यावर सुपारी फोडली आणि खिशातलं पंचांग काढलं. जवळचा मुहूर्त सोमवारचा निघाला.

"अहो, शर्यत रविवारी आहे!" दिगंबर म्हणाला.

"मग सोमवारपर्यंत बसायचं नाही."

"आत्ता तर बसली होती की!"

"तेव्हा ठरलं नव्हतं. ठरलेल्या सायकलीवर मुहूर्ताआधी कोण बसतं का? लोक काय म्हणतील?"

सरावाची चाकं लावून वैजयंती सायकल हातात धरून घाट उतरली.

रविवारी सकाळी दोघी तिसऱ्या वळणावर कठड्याशी उभ्या होत्या. एकेक स्पर्धक धापा टाकत वर येत होता. वैजयंती टाळ्या वाजवायची, सायकल घंटी.

"तो पिवळ्या शर्टातला बघा," सायकल हळूच म्हणाली. "कोपरं किती ताठ धरलीत."

वैजयंतीनं बघितलं, आणि आपली कोपरं सैल सोडली.