दगाजी सर आणि चिमूटभर मीठ

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता दगाजी सरांनी मला त्यांच्या घराच्या दारातूनच परत पाठवले. कारण एकच होते. माझ्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती.

"भाऊ, तू मीठ शेस," ते म्हणाले. "बाहेर थांब."

आत माझी मुलगी मानसी बसली होती. तिला कोणी बाहेर काढले नाही.

दगाजी सर आमचे नंदुरबारचे शेजारी, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पत्नी गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीची प्रयोगशाळा केली. ते कोणाशी हात मिळवत नाहीत. भर उन्हाळ्यात कपाळाला पंचा बांधून काम करतात, घामाचा थेंब पडू नये म्हणून. मिरचीच्या हंगामात, गावभर लोक शिंकत, डोळे पुसत असतात तेव्हा, प्रयोगशाळेला कुलूप असते. "डोयाना पानीमा मीठ ऱ्हास," हे त्यांचे स्पष्टीकरण.

मीठ एवढे का टाळायचे, ते मला मानसीकडून कळले. सर ज्या पॉलिमरवर काम करतात, त्याची लांब साखळी असते आणि तिच्यावर जागोजागी एकाच जातीचा विद्युतभार असतो. शुद्ध पाण्यात हे भार एकमेकांना दूर लोटतात आणि साखळी ताणून लांब होते. मग ते द्रावण काचेच्या बारीक नळीतून सावकाश उतरते. जरासे मीठ पडले की भारांचा जोर झाकला जातो, साखळी आकसते आणि द्रावण लवकर खाली येते. सर स्टॉपवॉच घेऊन हेच सेकंद मोजत बसतात.

हे मानसीने मला सलग सांगितले, म्हणून लक्षात राहिले. एरवी घरी तिची उत्तरे "हो", "नाही" आणि "जेवले" अशी असत. कुंपणापलीकडे मात्र ती दोन-दोन तास बोले, हसे. मी कुंपणाच्या अलीकडे पेपर वाचत असे. एकच पान बराच वेळ.

सरांचा मला हेवा वाटत होता. एकदा जेवताना मी म्हणालो, त्यांना स्वतःची मुलगी असती तर बरे झाले असते. मानसी ताटावरून उठली.

सुरतेला पीएच.डी.साठी तिची निवड झाली, हेही मला सरांकडून समजले. "तुन्ही पोर चालनी ना, भाऊ. तुले सांगं नही का तिनी?" त्यांनी कुंपणावरून विचारले. मी माहीत असल्यासारखी मान हलवली.

निघायच्या सकाळी मानसीने शेवटचा नमुना नळीत भरला. सुरतेला न्यायच्या तक्त्यात ही एकच ओळ उरली होती. तीन वेळा सारखी वेळ आली तरच ती ओळ धरायची, हा सरांचा नियम. दोन वेळा दोनशे बारा सेकंद आले. तिसऱ्या मोजणीआधी गाडीची वेळ झाली. सर स्टेशनवर येणार नव्हते. मोजणी करून आकडा फोनवर कळवतो, म्हणाले.

फलाटावर मानसीने मला नमस्कार केला. सरांच्या जेवणाकडे लक्ष द्या, म्हणाली. ते आळणीच खातात.

स्टेशनवरून मी थेट त्यांच्याकडे गेलो. दार उघडे होते. त्यांनी माझे हात पाहिले नाहीत, आत बसायला सांगितले. कपाळाचा पंचा जागेवर होता, कोरडा. टेबलावर वही उघडी होती. दोनशे बारा. दोनशे बारा. एकशे नव्वद. शेवटच्या आकड्यापुढे त्यांच्या अक्षरात लिहिले होते : मीठ पडले.

मी विचारले, कसे काय?

सर नळी धुवत होते. पाठ माझ्याकडे होती.

"मिरचीनी हवा, भाऊ," ते म्हणाले. "उद्या नवा नमुना भरसू. पोरले सांगू नको."

बाजाराची बातमी आमच्या पेपरला रोज मीच पाठवतो. हंगाम संपून बरेच दिवस झाले होते. त्या दिवशी मिरचीची एकही गाडी आली नव्हती.