धुतलेला विज्ञान मेळा

मामांनी सकाळी साडेसातला ग्रंथालयाचा हॉल उघडला आणि पावणेनऊपर्यंत अख्खा विज्ञान मेळा धुऊन काढला. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. हेतू असा काही नव्हताच, नुसती सवय होती.

मामा म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतले मामा. एकतीस वर्षं त्यांनी तिथली काचेची भांडी धुतली, पुसली, मांडली आणि पुन्हा धुतली. प्रयोग सर करायचे. तो साधला की सरांची वाहवा व्हायची आणि फसला की परीक्षानळी नीट धुतलेली नव्हती असं ठरायचं. एकतीस वर्षांत मामांनी स्वतः एकही प्रयोग केला नाही. करायला कोणी सांगितलं नाही, आणि मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

निवृत्त झाल्यावर मात्र ही गोष्ट त्यांना टोचायला लागली. टोचणीला खतपाणी घालायला साडू होतेच. साडू इंजिनिअर. घरात चार माणसं जमली की ते हमखास म्हणायचे, "आमचे साडूभाऊ विज्ञानातलेच. धुण्याभांड्याचं खातं." सगळे हसायचे, मामाही हसायचे, आणि घरी आल्यावर जेवण धड जायचं नाही. म्हणून गावात लहानथोरांसाठी विज्ञान मेळा भरणार असं कळलं तेव्हा मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून नाव नोंदवलं. त्यांना चौदा नंबरचं टेबल मिळालं. हॉलच्या अगदी कोपऱ्यात, पण टेबल.

प्रयोग साधा होता. जांभळा कोबी उकळून त्याचा रस काढायचा. त्यात व्हिनेगर घातलं की तो गुलाबी होतो, सोडा घातला की हिरवा. मामींनी पाच दिवस कोबी उकळला. शेजारीण दोनदा येऊन काही बिघडलंय का विचारून गेली. मामींनी हूं की चूं केलं नाही, फक्त आदल्या दिवशी म्हणाल्या, "मी ताईला आणि भावजींना घेऊन दहाला येते. नीट उभे राहा. हात मागं बांधून नको."

सगळ्यांनी आपापली मांडामांड आदल्या संध्याकाळीच उरकली होती. माहितीचे फलक तेवढे ग्रंथपालबाई सकाळी लावणार होत्या. मामांकडे किल्ली देताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "तुम्ही लवकर येणारच आहात, तर हॉलवर जरा नजर फिरवा."

मामांनी नजर फिरवली. टेबलांवर रात्रभर राहिलेल्या बरण्या होत्या, बशा होत्या, गढूळ पाणी होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत नियम असा की, टेबलावर रात्रभर राहिलं ते सकाळी धुवायचं आणि बरण्या स्वच्छ पाण्याने भरून ठेवायच्या, म्हणजे सरांना तयार मिळतात. मामांच्या हातांनी बाह्या सारल्या. डोकं त्या वेळी साडू आल्यावर काय बोलायचं याची उजळणी करत होतं, त्यामुळे हातांना विचारणारं कोणी नव्हतं. पावाचे बुरसटलेले तुकडे कचऱ्यात गेले आणि आठच्या गाडीने गावाबाहेर पोहोचले. गंजलेल्या खिळ्यांवर पॉलिश पेपर फिरला. सहा बरण्यांतलं पाणी मोरीत ओतलं गेलं, बरण्या घासल्या गेल्या आणि हॉलमधल्या फिल्टरच्या पाण्याने काठोकाठ भरल्या गेल्या.

पहिला आला प्लंबर. तो आपल्या टेबलाजवळ गेला आणि त्याने एक चकचकीत खिळा उचलून धरला.

"मामा, इथं गंजलेले खिळे होते."

"तेच आहेत की," मामा म्हणाले. "गंज काढला."

"बारा दिवस लागले होते तो चढायला."

मामांच्या हातातलं फडकं खाली आलं. त्यांनी हॉलभर पाहिलं. सगळीकडे काच चकाकत होती, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच चकाकणारी काच बघून त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पावाचे चार तुकडे चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून त्यांनी अठरा दिवस बुरशी वाढवली होती, आणि नातवंडांपेक्षा जास्त तिला जपलं होतं. चार स्वच्छ बशा पाहून त्या खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

मामा त्यांची माफी मागत होते तोवर ग्रंथपालबाई फलकांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि घाईघाईने टेबलांवर फलक चिकटवत सुटल्या. टेबलावर काय आहे हे बघायला त्यांना फुरसत नव्हती, कारण दहाला येणारे नगराध्यक्ष साडेनऊलाच दारात हजर होते. त्यांना दुसरीकडेही फीत कापायची होती.

नगराध्यक्ष थेट नवव्या टेबलाशी गेले. या टेबलाची त्यांना आठवडाभर धास्ती होती. ते टेबल होतं दवाखान्यातल्या सिस्टरचं, आणि फलक होता, 'आपल्या गावाचं पाणी: सहा प्रभाग, सहा बरण्या'. पाचव्या प्रभागातले लोक सहा महिने घाण पाण्याची तक्रार करत होते. तिथली पाइपलाइन बदलायचा ठराव झाला होता आणि नगराध्यक्षांना तो खर्च जिवावर आला होता. त्यांनी भीतभीत पहिली बरणी पाहिली, दुसरी पाहिली, पाचवी हातात उचलून उजेडात धरली. त्यांचा चेहरा उजळला.

ते माइकपाशी गेले. तोवर हॉल भरला होता. मामी, त्यांची ताई आणि साडू दारातून आत येत होते, आणि त्यांच्या मागून धापा टाकत सिस्टर. नगराध्यक्षांनी विज्ञानाचे आभार मानले. विज्ञान खोटं बोलत नाही, म्हणाले. सहाही प्रभागांतलं पाणी आरशासारखं स्वच्छ आहे हे एका निःपक्ष परिचारिकेने सिद्ध केलं आहे, तेव्हा पाचव्या प्रभागाची पाइपलाइन बदलायची गरज उरलेली नाही, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं.

पाचव्या प्रभागातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. सिस्टर गर्दीतून वाट काढत नवव्या टेबलाकडे निघाली होती.

गप्प राहणं मामांना सोपं होतं. फिल्टरचं पाणी कोणी भरलं हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी साडू चौदा नंबरच्या टेबलापुढे उभे राहिले असते, रस गुलाबी झाला असता आणि धुण्याभांड्याचं खातं कायमचं बंद पडलं असतं. आणि आता बोललं तर भर हॉलमध्ये, माइकवर, बायकोच्या आणि साडूंच्या देखत सगळ्यांना कळणार होतं की, या माणसाला टेबल दिलं तरी तो धुवायलाच जातो. मामांना त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण पाचव्या प्रभागातली एक म्हातारी सिस्टरला विचारत होती, म्हणजे आता पुन्हा तेच पाणी प्यायचं का? ते त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांचे पाय माइककडे वळले.

"साहेब, ते पाणी प्रभागातलं नाही. इथल्या फिल्टरचं आहे. मी भरलंय."

"तुम्ही का भरलं?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"आधीचं ओतून दिलं म्हणून."

"का ओतलं?"

"घाण होतं," मामा म्हणाले.

 मग मागच्या बाजूने हशा उसळला आणि त्यात पाचवा प्रभाग सगळ्यात पुढे होता. नगराध्यक्षांना मात्र हसू आलं नाही. किती घाण होतं आणि त्याला पुरावा काय, असं त्यांनी दरडावून विचारलं.

असा प्रश्न मामांना एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं.

"एक नंबरला काही नव्हतं, नुसती विसळली. दोनला आतून पांढरा थर, खडूसारखा. तीन, चार ठीक. सहाला जरा माती. पाच नंबरची मात्र तीनदा घासली, साहेब. तळाला दोन बोटं काळा गाळ, वर तेलकट तवंग. आणि वास. अजून गेला नाही, हे बघा."

त्यांनी हात पुढे केला. नगराध्यक्ष एक पाऊल मागे सरले.

सिस्टरने पिशवीतून वही काढली आणि आपली चार दिवसांची टिपणं मोठ्याने वाचली. एक नंबर, दोन नंबर, गाळ, तवंग, सगळं मामांच्या बोलण्याशी तंतोतंत जुळलं. तवंगाचा उल्लेख तर तिच्या वहीत पुसट होता, मामांनी सांगितल्यावर तिने तो ठळक करून घेतला. नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, पाइपलाइनचं काम ठरल्याप्रमाणे होईल असं माइकवर सांगितलं आणि फीत कापायला निघून गेले.

मग मोठ्या बाई उठल्या. "मामा, माझे पाव," एवढंच म्हणाल्या. मामांनी डोळे मिटून सांगितलं. पहिला कोरडा होता, त्यावर काही नाही. दुसऱ्यावर हिरवी. तिसऱ्यावर काळे ठिपके. चौथ्यावर पांढरी लव, कापसासारखी. बाई रिकाम्या बशांपुढे एकेक चिठ्ठी लिहून ठेवत गेल्या. प्लंबरनेही आपले खिळे मांडले आणि कुठला घासायला किती वेळ लागला ते मामांना विचारून त्यावरूनच गंजाचा क्रम लावला. मिठाच्या पाण्यातल्या खिळ्याने सगळ्यात दमवलं होतं. त्याचं म्हणणं, हे मोजमाप त्याला सुचलंच नसतं.

एवढं झाल्यावर साडू म्हणाले, "चला साडूभाऊ, आता तुमचं टेबल." आवाजात नेहमीची टिंगल नव्हती, निदान मामींना ती ऐकू आली नाही.

घोळका चौदा नंबरच्या टेबलाकडे निघाला. मामा पुढे होते. पोहोचल्यावर ते थांबले, आणि मागचे त्यांच्यावर आदळले. टेबलावर रसाची मोठी बरणी होती. धुतलेली, चकचकीत, स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेली. तेरा टेबलं धुणारा हात चौदाव्यावरही थांबला नव्हता.

मामींनी बरणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पाच दिवस," त्या हळूच म्हणाल्या.

 सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण हातांना आठवत होतं ते आता कुठे डोक्यापर्यंत पोहोचत होतं. ही बरणी शेवटची. त्यासाठी बादलीत नवं पाणी घेतलं होतं, धुण्याचा सोडा टाकून. आणि रस त्यात पडताच त्या पाण्याला काहीतरी झालं होतं.

"झालाय प्रयोग," ते सावकाश म्हणाले. "सकाळीच. मोरीत."

घोळका मोरीकडे वळला. बादली तिथेच होती आणि तिच्यातलं पाणी हिरवंगार होतं. मामांनी खिशातून व्हिनेगरची बाटली काढली आणि हात मागे न बांधता, नीट उभं राहून, काठाने ओतली. थोडा फेस आला. हिरवं निळं झालं, निळं जांभळं झालं, आणि बाटली संपता संपता बादलीभर पाणी गुलाबी झालं. पाचव्या प्रभागातल्या म्हातारीने टाळी वाजवली. साडू वाकून बादलीत बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "असं का होतं हो?" मामांनी ते त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्या दिवशी सगळ्यात लांब रांग मोरीपुढे लागली. येणाऱ्या प्रत्येकाला मामींनी कोबी आपण उकळल्याचं सांगितलं.

संध्याकाळी पाचला मेळा संपला. मामा टेबल आवरून मोरीशी आले तेव्हा हॉल झाडणाऱ्या बाईंनी बादली ओतून, घासून, भिंतीशी पालथी घातली होती. मामांनी बोलायला तोंड उघडलं. मग ते वाकले, बादली उचलून आतून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. अगदी स्वच्छ होतं. त्यांनी बादली होती तशी पालथी ठेवली.